मधली दहा मिनिटं : आत्महत्या रोखण्यासाठी आपण काय करू शकतो, पायरी-पायरीने

हेल्पलाइनवर फोन घ्यायला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका बाईंचा फोन आला होता. आवाज शांत होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आता सगळं आवरून ठेवलंय." मी म्हणालो, "बरं झालं, आता जरा विश्रांती घ्या." शेजारी बसलेल्या अनुभवी ताईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, ‘म्हणजे काय, विचार.’ मी विचारलं. आवरून ठेवलं होतं ते कपाट नव्हतं. कागदपत्रं, खात्यांचे तपशील, एक चिठ्ठी, असं सगळं होतं. आम्ही पुढे पाऊण तास बोललो आणि त्यांनी स्वतःहून बहिणीला बोलावून घेतलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ताईंनी तो कागद सरकवला नसता तर मी समाधानाने फोन ठेवला असता. माझ्यासारखीच चूक चांगल्या मनाची माणसं रोज करत असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, म्हणजे ज्यांना कुणाची तरी काळजी वाटते पण नेमकं काय करायचं ते कळत नाही अशांसाठी.

तुम्ही हे स्वतःसाठीच वाचत असाल, तर बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल. आधी एका माणसाला फोन करा आणि "मला जगावंसं वाटत नाहीये, जरा सोबत थांब" एवढं सांगा. असं माणूस चटकन आठवत नसेल तर भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२.

आधी प्रश्नाचा आवाका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ७,२७,००० माणसं आत्महत्येने गेली. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. एका मृत्यूमागे अंदाजे वीस प्रयत्न झालेले असतात.

एवढ्या मोठ्या संख्येने घडणारी गोष्ट निव्वळ ज्याची त्याची खासगी बाब असू शकत नाही. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखवून दिलं होतं की एखाद्या समाजातलं आत्महत्येचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, आणि दोन समाजांत मात्र ते खूप वेगळं असतं. म्हणजे व्यक्तीच्या मनाबाहेरही काहीतरी काम करत असतं. रस्त्यावरचे अपघात कमी करायचे तर प्रत्येक चालकाला उपदेश करून भागत नाही, वळणावर कठडाही बांधावा लागतो. इथेही तसंच आहे.

एक अभ्यास मला कायम आठवतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारण्यात आलं, की त्या वेळी मनात विचार आल्यापासून प्रत्यक्ष कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळजवळ निम्म्या लोकांचं उत्तर होतं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. याचा अर्थ त्यांचं दुःख दहा मिनिटांचं होतं असा नाही. दुःख महिनोन्‌महिन्यांचं असतं, पण लाट येते ती थोड्या वेळासाठी, आणि ओसरतेही. खाली जे जे सांगितलंय ते सगळं ही लाट ओसरेपर्यंतचा वेळ मिळवण्यासाठी आहे.

पायरी १ : बोलण्यातला बदल टिपा

माणसं सहसा सरळ ‘आत्महत्या’ हा शब्द वापरत नाहीत. "जीव नकोसा झालाय." "एकदाचं सुटलो म्हणजे बरं." "मी नसलो तर तुमचं तरी नीट चालेल." "माझं ओझं किती दिवस वाहणार?" "जिवाचं काही बरंवाईट करून घेईन." शेवटचं वाक्य भांडणात सर्रास येतं, म्हणून कानाआड करायची सवय लागलेली असते. ‘बोलणारे करत नाहीत’ हा समज साफ चुकीचा आहे. पुष्कळ जण आधी कुणाजवळ तरी बोललेले असतात.

वागण्यातही फरक दिसतो. झोप उडते, पिणं वाढतं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकल्या जातात, बऱ्याच दिवसांनी भेटून उगाचच क्षमा मागितली जाते. कधी कधी खूप अस्वस्थ असलेलं माणूस अचानक शांत होतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. तिथे जास्त जवळ जा.

पण ही यादी हातात घेऊन गुण देत बसू नका. किती खुणा जुळल्या म्हणजे धोका, असं गणित जाणकारांनाही जमलेलं नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांनाच सांगितलंय, की पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला प्रश्नावल्या आणि गुणांकनं वापरू नका. शंका आली की एकच काम उरतं, ते म्हणजे विचारणं.

पायरी २ : थेट विचारा

लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. "मी विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं आलं तर?" ही भीती खरी आहे, पण तिला आधार नाही. अमेरिकेतल्या सहा माध्यमिक शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही, त्यांच्या मनात आत्महत्येचे विचारही जास्त आले नाहीत. ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता त्यांना तर प्रश्नानंतर थोडं हलकंच वाटलं.

मात्र कसं विचारता याला महत्त्व आहे. आपल्या तोंडी पटकन येणारा प्रश्न असा असतो: "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" यातला शेवटचा ‘ना’ काय करतो बघा. तो समोरच्याला सांगतो की मला ‘नाही’ हेच उत्तर हवंय. मग तो बिचारा तुमचं मन राखायला ‘नाही’ म्हणतो. ‘वेडंवाकडं’ म्हटल्यामुळे त्याच्या मनातल्या विचारावर शिक्काही बसलेला असतो.

त्याऐवजी आधी जे दिसलं ते सांगा आणि मग सरळ विचारा: "गेले पंधरा दिवस तू जेवत नाहीस, रात्रभर जागा असतोस. इतकं असह्य होतं तेव्हा कधी कधी मरून जावंसं वाटतं. तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" शब्द उच्चारताना आवाज कापला तरी हरकत नाही. प्रश्न विचारा आणि गप्प बसा. ती शांतता फार लांबल्यासारखी वाटेल, पण मध्ये पडू नका.

उत्तर ‘हो’ आलं तर हळूहळू पुढे जा. हे विचार कधीपासून येतात? रोज येतात की अधूनमधून? काही ठरवलंय का? तयारी केलीय का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आणि आज, आत्ता कसं वाटतंय? ठरवलेलं असेल, साधन जवळ असेल आणि वेळही मनात पक्की असेल, तर पायरी ६ आधी करा.

पायरी ३ : ‘हो’ ऐकल्यानंतर

पहिलं वाक्य साधं असू द्या. "सांगितलंस ते बरं केलंस. मी इथेच आहे." तेवढं पुरतं. तुमच्याकडे त्याच्या कर्जाचं, मोडलेल्या लग्नाचं किंवा आजाराचं उत्तर नसणार आणि तो ते मागतही नाहीये.

न बोलायच्या गोष्टींत माझ्या मते सगळ्यात घातक वाक्य आहे, "अरे, आईवडिलांचा तरी विचार कर." त्याने तो केलेला असतो. आपण सगळ्यांना ओझं झालोय, या विचारानेच तो पोखरलेला असतो आणि तुम्ही त्यावर अपराधाची आणखी एक वीट ठेवता. "लोकांची दुःखं बघ, तुझं काहीच नाही" हे दुसरं. "असं बोलायचंच नाही" हे तिसरं. यानंतर तो खरंच बोलत नाही, निदान तुमच्याशी तरी नाही.

एक ओळखीचा प्रसंग सांगतो. धाकटा म्हणाला, "दादा, मला आता काही नको झालंय." थोरल्याने हातातला मोबाइल पालथा ठेवला, दार लोटलं, जमिनीवर शेजारी बसला आणि म्हणाला, "सांग." जवळपास तासभर थोरला त्याहून फार जास्त बोलला नाही. सगळ्यात वाईट कधी वाटतं, एवढंच मध्ये विचारलं. उत्तर आलं, "रात्री दोनच्या सुमाराला." त्या एका उत्तरावर पुढची सगळी योजना उभी राहिली. दोन वाजता कोण जागं राहणार, हा प्रश्न सोडवता येण्यासारखा होता.

"कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली तर ती घेऊ नका. "तुझा जीव धोक्यात असेल तर मी एकटा हे सांभाळू शकणार नाही. पण कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू," असं म्हणा. यात विश्वासघात नाही, आणि निवडही काही अंशी त्याच्याच हातात राहते.

पायरी ४ : साधन आणि माणूस यांच्यात अंतर पाडा

सार्वजनिक आरोग्यात सगळ्यात भक्कम पुरावा या उपायाचा आहे, आणि घरोघरी सगळ्यात कमी वापर होतो तोही याचाच. कारण आपल्याला वाटतं, ज्याने ठरवलंय तो एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल. बहुतेक वेळा तसं होत नाही.

श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्येचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतकं होतं. त्या सुमारास आणि नंतर तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. पुढच्या वीस वर्षांत एकूण आत्महत्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. फक्त विषाच्याच नव्हे, एकूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने यातून सुमारे ९३,००० जीव वाचले. इंग्लंड-वेल्समध्ये १९६३ ते १९७५ या काळात घरगुती गॅसमधला विषारी घटक संपत गेला, आणि एकूण आत्महत्या जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्या काळात लोक अचानक सुखी झाले होते असं कुणी म्हणणार नाही.

तिसरं उदाहरण एका अमेरिकन पुलाचं आहे. अशा जागांची नावं पुन्हा पुन्हा छापू नयेत, म्हणून मी त्याचं नाव देत नाही. तिथून पोलिसांनी मागे खेचून आणलेल्या ५१५ जणांचा रिचर्ड सायडेन या संशोधकाने पुढे अनेक वर्षं माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते.

घरात हे करायचं म्हणजे काय? जास्तीची औषधं, कीटकनाशकं, शस्त्र असेल तर शस्त्र, हे काही काळासाठी घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवायचं. रोजची औषधं सुरू असतील तर ती बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलून थोडी थोडी आणायची आणि पुडकं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायचं. त्याने एखाद्या विशिष्ट साधनाचा उल्लेख केला असेल तर आधी त्याची व्यवस्था. आणि हे लपूनछपून करू नका. "हे वाईट दिवस सरेपर्यंत या वस्तू मी माझ्याकडे ठेवतो, चालेल?" असं विचारा. पुष्कळ जण चटकन ‘हो’ म्हणतात. त्यांनाही स्वतःची भीती वाटत असते.

पायरी ५ : सुरक्षेचा कागद

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी रूढ केलेली ही पद्धत आहे. एका पानावर, माणूस शांत असताना, त्याच्याच शब्दांत लिहायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये असा कागद आणि त्यानंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येसंबंधीच्या कृती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या, असं २०१८ च्या अभ्यासात दिसलं.

मघाच्या धाकट्याचा कागद साधारण असा होता:

माझी लाट येतेय हे कसं कळतं : छाती जड होते, जुने मेसेज परत परत वाचतो, ‘सगळे झोपलेत, कुणाला काय फरक पडतो’ हे वाक्य डोक्यात फिरतं.

मी एकटा काय करू शकतो : तोंडावर गार पाणी, गच्चीवर नाही तर खालच्या अंगणात फेऱ्या, ठरवलेली तीन गाणी.

कुठे गेलो की मन वळतं : आजोबांच्या खोलीत. त्यांना काही सांगायचं नाही, नुसतं बसायचं.

कुणाला सांगायचं : आधी दादा, मग कॉलेजचा मित्र. दोघांचे नंबर आणि ‘रात्री दोनलाही उचलेन’ असा त्यांचा शब्द.

तरीही नाही थांबलं तर : डॉक्टरांचा नंबर, हेल्पलाइन, जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

काय दूर ठेवलंय : औषधांचा डबा दादाच्या कपाटात, किल्ली दादाकडे.

‘गच्चीवर नाही’ हे त्याने स्वतःहून घातलं होतं. छापील फॉर्ममध्ये असला तपशील येत नाही. कागदाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, कारण लाटेच्या वेळी कपाट उघडून कागद शोधणं होत नाही. "मी असं काही करणार नाही" असं वचन लिहून घेण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. ती उपयोगी पडते असा पुरावा नाही, आणि वचन मोडण्याच्या भीतीने माणूस खरं सांगायचं थांबतो.

पायरी ६ : मदतीपर्यंत सोबत जा

धोका तातडीचा असेल तर एकटं सोडू नका. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा किंवा रुग्णवाहिका बोलवा. जखम किंवा विषबाधा झाली असेल तर ‘आता बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. काही परिणाम उशिरा दिसतात.

तातडी नसेल तरी "डॉक्टरला दाखव" एवढं सांगून भागत नाही. वेळ तुम्ही घ्या, बरोबर जा, बाहेर बसून राहा. नैराश्य, व्यसन, दीर्घकाळचं दुखणं यांवर उपचार होतात. पण कर्ज, छळ, बेरोजगारी यांचं दडपण असेल तर गोळीबरोबर त्या प्रश्नावरही कुणीतरी काम करायला हवं, म्हणजे वकील, समुपदेशक, जाणकार नातेवाईक, ज्याला जे जमेल ते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं नाही.

बातमी, शाळा, कचेरी

व्हिएन्नामध्ये १९८७ साली भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवण्याबद्दल पत्रकारांना सूचना दिल्या गेल्या. पत्रकारांनी त्या पाळल्या आणि तिथल्या घटना झपाट्याने खाली आल्या. आज प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्र आहे. चिठ्ठीचा फोटो, पद्धतीचा तपशील, जागेचं नाव, ‘परीक्षेत नापास म्हणून’ असलं एका ओळीचं कारण, यांतलं काहीही ग्रुपवर पुढे ढकलू नका. ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ प्रयत्न असंही लिहू नका. जो वाचला तो कशात अयशस्वी झाला?

शाळांबद्दल एवढंच सांगतो. युरोपातल्या १० देशांत ११,००० हून अधिक मुलांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ताण आणि नातेसंबंधांबद्दल मुलांनीच प्रसंग वठवून बोलायचं, असा वर्गातला छोटा कार्यक्रम प्रभावी ठरला. वर्षभरात नव्या प्रयत्नांचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यात भाषण नव्हतं. आपल्याकडे ‘मार्गदर्शनपर व्याख्यान’ ठेवलं की काम झालं असं वाटतं, म्हणून हे सांगितलं.

कचेरीतलं कुणी आत्महत्येने गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही असं भासवू नका. खोटं कारण सांगू नका, तपशील उगाळू नका, आणि सगळ्यात जवळच्या दोन-तीन सहकाऱ्यांना वेगळं भेटा. मागे राहिलेल्यांचा स्वतःचा धोकाही वाढलेला असतो.

पायरी ७ : पुढचे अठरा महिने

रुग्णालयातून घरी आलं की चार दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. मग सगळे कामाला लागतात. सुट्टी मिळाल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक असतात आणि नेमकी तेव्हाच सोबत विरळ होते.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कांपिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग अशा पाच ठिकाणी प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याव्यतिरिक्त तासभर बोलणं झालं आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. अखेरीस पहिल्या गटात आत्महत्येने १८ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात २. त्या नऊ भेटींत विशेष काही नव्हतं. कसे आहात, काही लागतंय का, एवढंच.

तेव्हा आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तारखा टाका. पहिला महिना दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. प्रसंगाची वर्षपूर्ती, निकालाचा दिवस, कोर्टाची तारीख वेगळी नोंदवा. "गुरुवारी चारला फोन करतो" म्हणालात तर गुरुवारी चारलाच करा. काम दोघा-तिघांत वाटून घ्या, नाही तर तुम्हीच थकाल. आणि तुम्हीही कुणाशी तरी बोला. फोन घेऊन झाल्यावर मी ताईंशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय घरी जात नसे.

काय लिहायचं सुचत नसेल तर जेरोम मोटो यांचं काम बघा. या सॅन फ्रान्सिस्कोच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. त्यांत ना सल्ला, ना तपासणीची आठवण, ना काही मागणं. पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. थोरल्या दादाचा दर रविवारचा मेसेज त्याच धाटणीचा आहे: "तुझी आठवण आली. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही." बहुतेक रविवारी उत्तर येत नाही. दोन निळ्या खुणा मात्र येतात.